एकटीनं उचलता येणारी गाडी

मी एकशेदहा सीसीची गाडी बोलतेय, आणि जरा मोठ्यानंच बोलतेय, कारण माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मोठ्या गाड्या दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाहीत. मला आरसे नाहीत, दिवा नाही, नंबराची पाटी नाही. दोन्ही अंगांचा रंग खरवडून गेलाय. पण या ट्रॅकवर जो कुणी वळण घ्यायला शिकला, तो आधी माझ्या पाठीवर बसून शिकला. गर्व म्हणा हवं तर. मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे कुणीतरी मला बघूनच म्हटलं असावं.

कारखान्यातून निघाले तेव्हा शर्यत हा शब्दही मला ठाऊक नव्हता. मला नेलं एका औषधवाल्यानं. माणूस भला, पण रोजचा रस्ता एकच: दुकान, दवाखाना आणि परत दुकान. मागे खोक्यांची ही एवढी चळत. ऑइल बदलायला विसरायचा, पण सकाळी निघताना टाकीवर थोपटायचा, म्हणून मी सगळं पोटात घातलं. पुढे त्यानं चारचाकी घेतली आणि मी दुकानामागे पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन पडले. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला.

तिथून मला ताईनं उचललं. ताई म्हणजे ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवणारी बाई. आवाज असा की हेल्मेटमधूनही कान दुखावेत. तिनं किक मारली. मी खोकले, ठसकले आणि सुरू झाले.

"जीव आहे हिच्यात," ती म्हणाली, आणि मला घेऊन आली.

आल्याआल्या तिनं माझे आरसे आणि दिवे उतरवले, कारण पडल्यावर त्यांच्या काचा ट्रॅकवर पसरतात. अंगावरचे दागिने गेल्यासारखं वाटलं मला. पण पहिल्यांदा वळणावर पूर्ण झुकले, फूटरेस्ट जमिनीला घासला आणि करकरून आवाज झाला, तेव्हा दागिन्यांची आठवणसुद्धा राहिली नाही.

शिकायला येणारे बहुतेक मोठ्या गाड्यांचे मालक. मला बघून नाक मुरडतात. "हिच्यावर? ही तर भाजी आणायची गाडी!" ताई वाद घालत नाही, हातात किल्ली ठेवते. मोठ्या गाडीचं कसं आहे, वळण चुकलं तरी पुढे वेगाची मूठ पिळली की ताकदीच्या जोरावर चूक झाकली जाते. माझ्याकडे झाकायला काही नाही. वळणात वेग घालवलात की पुढच्या सरळ रस्त्यावर मी रांगणार, आणि सगळा ट्रॅक बघणार. नाकानं कांदे सोलणारे कितीतरी मी दोन फेऱ्यांत जमिनीवर आणलेत, काही तर अक्षरशः.

ताईची शिकवायची रीत वेगळीच. वळण संपतं तिथे ती स्वतः उभी राहते आणि हात वर करून बोटं दाखवते. वळणात शिरतानाच ती किती आहेत ते ओरडून सांगायचं. नजर पुढे गेली तरच बोटं दिसणार, आणि नजर जाते तिकडेच गाडी जाते.

एकदा तिची वहिनी आली, तिच्या थोरल्या भावाची बायको. घरी नणंदेला "अगं" म्हणणारी वहिनी इथे हात जोडून म्हणाली, "अहो ताई, पदरात घ्या."

चेष्टा फक्त तोंडावर होती. डोंगरातल्या रस्त्यावर एका उजव्या वळणाला वहिनी तिच्या मोठ्या गाडीवरून पडली होती. पाय बरा झाला, पण गाडी अंगणात झाकून ठेवली होती. तिनंच ठरवलं होतं, आता इथे जमलं तर ठीक, नाहीतर गाडी भाच्याला देऊन मोकळं व्हायचं.

डावी वळणं ती झोकात घ्यायची. उजवं आलं की अंगाचं लाकूड. नजर थेट कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या भिंतीवर, आणि आमची वरातही तिकडेच.

"किती बोटं?" ताई ओरडायची.

"तीन!"

"अगं, अंगठा दाखवला होता तुला! मनाला येईल तो आकडा फेकतेस होय?"

कुंपणापाशी पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, शेवटी म्हणाला, "राहू दे ना आता. कशाला जिवाला घोर?"

वहिनीनं हेल्मेटची काच खाली ओढली आणि मला पुन्हा ट्रॅकवर घेतलं. मला वाईट वाटलं.

पुढच्याच फेरीत व्हायचं ते झालं. उजव्या वळणात ती घाबरली, मूठ सोडली आणि पुढचा ब्रेक गच्च दाबला. माझं पुढचं चाक निसटलं. आम्ही दोघी घसरत गेलो आणि थांबलो तेव्हा तिचा तोच पाय माझ्याखाली होता.

"उचला! कुणीतरी उचला हिला!" ती किंचाळली.

तेव्हा मला उमगलं. ती पडायला घाबरत नव्हतीच. त्या डोंगरात ती मोठी गाडी पायावर घेऊन पडून राहिली होती. ढकलून ढकलून हात गळून गेले, आणि कुणी येईपर्यंत ती तिथून हलू शकली नव्हती. ते ओझं अजून तिच्या पायावर होतं.

दादा धावला, ताई धावली. तेवढ्यात वहिनीनं हात टेकून मला ढकललं. मी हलले. तिला खरं वाटेना. तिनं पाय सोडवून घेतला, उठली, माझं हँडल धरलं.

"कुणी हात लावू नका," ती म्हणाली.

माझ्या हलकेपणावर आजवर किती जण हसले असतील! त्या क्षणी मला आणखी हलकं होता आलं असतं तर मी झाले असते. तिनं एका दमात मला उभं केलं. मग माझ्या सीटवर डोकं टेकून ती हुंदके देऊन रडली, आणि दादानं तोंड फिरवून बाटलीतलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

त्यानंतरच्या फेरीत तिनं बोटं बरोबर सांगितली.

परवा ती आली ती मोठ्या गाडीवरून. मैदानातल्या गवतावर तिनं ती हळूच आडवी केली. मग ताईनं शिकवल्याप्रमाणे गाडीकडे पाठ करून सीटला टेकली, हँडल आणि मागची दांडी पकडली आणि पायांच्या जोरावर एकटीनं उभी केली. पुन्हा आडवी, पुन्हा उभी. दादा टाळ्या वाजवत होता. मी छपराखालून बघत होते, आणि माझ्याइतकी श्रीमंत गाडी त्या दिवशी जगात दुसरी नसेल.

आता माझी साखळी कुरकुरते, वाढत्या थंडीत इंजिन रुसतं. ताई म्हणते, हिला नवा रंग देऊ. ताई, एवढं ऐक. रंग नको देऊस. माझ्यावरच्या प्रत्येक ओरखड्याच्या जागी कुणीतरी पडून उठलंय. उद्या नवीन कुणी भीत भीत येईल, तेव्हा त्याला हे ओरखडे आधी दिसू देत.