डावा कान

"धर हा," म्हणत ह्यांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. प्राणिसंग्रहालयाच्या फाटकातच. "तिनं मला चष्म्यात कधी पाहिलं नाहीये. उगाच बिचकायची."

"आणि तुम्हाला दिसायचं कसं?"

"मला काय बघायचंय? एकोणतीस वर्षं बघितलंय. आज तिनं मला बघायचंय."

लेकीनं आणि जावयानं तोंड फिरवून हसू दाबलं. मी चष्मा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. ह्यांच्या अंगात नोकरीतला खाकी शर्ट होता. पोट सुटलंय, म्हणून आदल्या दिवशी मीच त्याची बटणं काठापर्यंत सरकवून दिली होती. नवरदेवाचा थाट यापेक्षा काही वेगळा नसतो.

ती म्हणजे अस्वल. हे तिचे रखवालदार. ती हाताएवढं पिल्लू होती तेव्हापासून हे निवृत्त होईपर्यंत तिचं खाणंपिणं, दुखणंखुपणं सगळं ह्यांनीच पाहिलं. हे तिला बाईसाहेब म्हणायचे, मी सवत म्हणायचे. माझी लेक जन्मली त्या दिवशी सवतीला ताप होता. हे दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात उगवले ते अंगाला अस्वलाचा वास घेऊन, आणि नर्सनं ह्यांना दारातूनच परत पाठवलं. मेले तरी त्या पिंजऱ्यासमोर उभी राहणार नाही, असं मी तेव्हा ठरवलं आणि पाळलंही. हट्टात मी कुणाला हार जाणारी नाही.

न बघताही मला ती तोंडपाठ होती. लहानपणी जाळीत अडकून तिचा डावा कान अर्ध्यापर्यंत फाटला होता, त्याचे दोन पदर झाले होते. पिंजऱ्याचं मागचं दार उघडण्यापूर्वी हे किल्लीनं तीनदा ठोकायचे. मग ती फटीपाशी येऊन एकदा हुंगायची आणि लांब जाऊन बसायची, तेव्हाच दार उघडायचं. ही खोड ह्यांनी घरीही आणली. रोज संध्याकाळी आमच्या दारावर तीन टिचक्या, मग कुलपात किल्ली. "मी काय अस्वल आहे का?" असं मी आतून ओरडायचे.

निवृत्त होऊन चौदा महिने झाले. निवृत्तीनंतर आठवड्यातच ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग व्यायाम, मग जाऊ जाऊ करत राहिलं. शेवटी सुटीत आलेल्या सहा वर्षांच्या नातीनं हट्ट धरला, आजोबांचं अस्वल दाखवा. आणि तिच्यामुळे माझीही शपथ मोडली.

माकडं, कासवं, मोर, कशापाशीच हे थांबले नाहीत. गुडघा दुखत असूनही सगळ्यांच्या पुढे. कठड्यापाशी पोचले, शर्ट खाली ओढला, खिशातून घराची किल्ली काढून लोखंडावर तीनदा ठोकली. चराच्या पलीकडे झाडाखाली पडलेल्या अस्वलानं मान वर केली. उठलं. डुलत डुलत थेट चराच्या काठापर्यंत आलं.

नातीनं टाळ्या पिटल्या. हे माझ्याकडे वळले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नानंतर मी ते दोनदाच पाहिलंय.

"बघितलंस? ओळखलं तिनं."

आजूबाजूचे चारपाच लोक जमले. हे त्यांना पिल्लाची गोष्ट सांगू लागले, जाळीची, कानाची. मी अस्वलाकडे पाहत होते. तीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवतेय, कापडाची उसवलेली कड मला दहा हातांवरून दिसते. त्या अस्वलाचे दोन्ही कान धड होते.

आधी वाटलं, माझंच डावं उजवं चुकतंय. मग मनात आलं की हा माणूस आयुष्यभर आम्हाला थापा मारत होता की काय. तेवढ्यात गमबूट घातलेली एक रखवालदारीण बादली घेऊन आली. ह्यांना पाहून ती जागच्या जागी थांबली आणि आल्या वाटेनं परत फिरली. मी तिच्या मागे गेले.

"काकांना कुणी सांगितलंच नाही का?" तिनं मलाच विचारलं. "ती गेली, काकू. काका निवृत्त झाले त्यानंतर अठराव्या दिवशी. ही दुसरीकडून आणलेली आहे. हिलाही मी तीन ठोक्यांची सवय लावलीय."

"कशानं गेली?"

तिनं बादली खाली ठेवली. "खायचीच नाही. काकांनी शिकवलं तसंच मी तीनदा ठोकायचे. ती यायची, फटीतून हुंगायची आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टर म्हणाले, काकांना एकदा बोलवून बघा. मी फोन केला होता तुमच्या घरी. कुणी बाई होत्या. म्हणाल्या, ऑपरेशन झालंय, आता तरी त्या जनावराचं नाव काढू नका. मग मी परत नाही केला."

ती बाई मीच.

मला तो फोन लख्ख आठवला. हे आत झोपले होते, मी सूप गाळत होते, आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं. एकदाची जिंकले, असं वाटलं होतं. रखवालदारीण माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूहळू तिला कळलं. तिनं खाली ठेवलेली बादली पुन्हा उचलली.

आम्ही दोघी कठड्यापाशी परत आलो तेव्हा नात कठड्याला लोंबकळून विचारत होती, "पण आजोबा, हिचा कान फाटलेला कुठाय?"

"आहे ना, डावा. नीट बघ."

"नाहीये. दोन्ही पूर्ण आहेत."

हे हसले. मग हसणं तसंच राहिलं आणि ह्यांनी माझ्यापुढे हात केला. "चष्मा."

"जाऊ द्या ना. ऊन वाढलंय, चला आता."

"चष्मा दे."

मी दिला. हे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग चष्मा तसाच नाकावर ठेवून हे खूप हळू बोलले. "तिनं मला ओळखलं नसतं तर चाललं असतं गं. मीच तिला ओळखलं नाही."

रखवालदारीण पुढे आली.

"कशी गेली?" ह्यांनी विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "वय झालं होतं, काका."

"खात होती ना?"

"खात होती."

तिथं मी बोलायला हवं होतं. परक्या बाईनं माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी पर्सची चेन लावत उभी राहावी, इतकी मी कधी खाली गेले नव्हते. ह्यांनी तिच्या बादलीत डोकावून, कंदमुळं बारीक चिरत जा, एवढं सांगितलं. निघताना त्या अस्वलालाही हात केला. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

लेक, जावई आणि नात परस्पर त्यांच्या घरी गेले. आम्ही दोघं जिना चढलो. संध्याकाळचं ऊन दारावर आलं होतं. ह्यांनी किल्ली काढली आणि न ठोकता सरळ कुलपात घातली.

मी ह्यांचा हात धरला. "अहो, तिनं खाणं सोडलं होतं. तुम्हाला बोलवायला फोन आला होता. मी घेतला. तुम्हाला सांगितलं नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रागावले असते, ओरडले असते, तर मी ऐकून घेतलं असतं. ह्यांनी कुलपातून किल्ली बाहेर काढली. दारावर तीनदा ठोकलं, रोज ठोकायचे तसंच, ना जोरात ना हळू. आणि आतून हुंगल्याचा आवाज यावा म्हणून थांबल्यासारखे कान देऊन उभे राहिले.

मीही शेजारी उभी राहिले. मग ह्यांनी दार उघडलं.