वर्षातली सर्वोत्तम वाचक

सोमवारी सकाळी बाईंनी ग्रंथालयाचं शटर वर केलं, पंखा लावला आणि फोन वाजला म्हणून पाहिला. पडद्यावर रंगीत फुगे उडत होते. फुग्यांखाली लिहिलं होतं: ‘अभिनंदन! आपण वर्षातल्या सर्वोत्तम वाचक ठरला आहात. एकूण पुस्तकं तीनशे अठरा. बक्षीस लवकरच पाठवत आहोत.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई म्हणजे या छोट्या शाखेच्या ग्रंथपाल, तेवीस वर्षं याच टेबलामागे बसलेल्या. शाखेत दुसरा कर्मचारी नाही. तीनशे अठरा पुस्तकं वाचायला त्यांना उसंत कुठली? त्यांच्या नावावरच्या यादीत मोटारदुरुस्तीची अकरा पुस्तकं होती, मधुमेहाच्या पथ्याची चार, बाळाच्या मालिशीचं एक आणि खुनाच्या कादंबऱ्या तर सत्तरच्या वर. बाईंना ना मोटार, ना मधुमेह, ना मांडीवर बाळ. खून करावासा मात्र त्यांना या क्षणी वाटत होता.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने वाचकांशी नातं जोडायचं म्हणून एक ॲप आणलं. पुस्तक हवं तर फोनवरून राखून ठेवायचं, आणि त्यासाठी ओटीपी टाकायचा. आता इथले वाचक बहुतेक साठीच्या पुढचे. बँकेपासून सुनेपर्यंत सगळ्यांनी त्यांना बजावून ठेवलेलं की ओटीपी मागेल तो चोर. ॲपने ओटीपी मागितला की ही मंडळी फोन खिशात घालून बाईंकडे संशयाने बघत. शेवटी बाईच म्हणाल्या, “राहू द्या, माझ्या नावावर टाकते.” एकदा टाकलं, दहादा टाकलं, मग ती रीतच पडली. कुणी काय नेलं ते बाई पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवत. पुस्तकं वेळेवर परत येत. कुणाचं काही अडत नव्हतं.

फुगे विरले आणि दुसरा निरोप आला, कार्यालयाचा. ‘आपल्या शाखेतील सक्रिय वाचक: एक. सबब पुढील महिन्यापासून शाखा बंद करून पुस्तकं मुख्य ग्रंथालयात हलवण्यात येतील.’

बाईंनी दोनदा वाचलं. मग शटर खाली ओढलं आणि बस पकडून थेट कार्यालय गाठलं.

तिथल्या अधिकाऱ्याला सगळ्या शाखा पाठीमागे ‘आकडेसाहेब’ म्हणत. माणूस तसा वाईट नव्हता, पण संगणकात दिसत नाही ते जगातच नाही असं त्याचं ठाम मत होतं.

“या, या, सर्वोत्तम वाचक,” तो हसत म्हणाला.

“साहेब, माझ्या शाखेत एकच वाचक आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“ॲपने.”

“ॲप आलं होतं का कधी शाखेत? बसायला खुर्ची मिळत नाही सकाळी.”

त्याने संगणक त्यांच्याकडे वळवला. बासष्ट नावं होती. एक हिरवं, बाकी सगळी करडी. करड्या नावांपुढे ‘निष्क्रिय’ असं लिहिलेलं.

“ही सगळी माणसं रोज येतात,” बाई म्हणाल्या. “त्यांची पुस्तकं मी माझ्या नावावर घेते. त्यांना ते ओटीपीचं झेपत नाही.”

साहेबाचं हसू मावळलं. “म्हणजे तीनशे अठरा नोंदी खोट्या आहेत?”

“खोट्या कशा? पुस्तकं खरी, माणसं खरी. नाव तेवढं माझं.”

“बाई, त्यालाच खोटी नोंद म्हणतात.”

साहेबाने थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली. “शनिवारी दुपारी एक वाजता अंतिम आकडे वर जातील. तोवर पंचवीस जणांनी स्वतःच्या नावाने एकेक पुस्तक राखून ठेवलं, तर शाखा वाचते. तुमच्या नोंदींचं काय करायचं ते मला बघावं लागेल.”

परतीच्या बसमध्ये बाईंनी मनातल्या मनात साहेबाला, ॲपला आणि त्या फुग्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. पंचवीस ना? त्यात काय मोठं. उद्या सगळ्यांचे फोन गोळा करायचे आणि एका दमात उरकून टाकायचं.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला टेलरकाका आले. चाळीस वर्षं मागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. आता खिडकीपाशी बसून खुनाच्या कादंबऱ्या वाचणं हाच त्यांचा उद्योग. बाईंनी हात पुढे केला.

“काका, फोन द्या. पाच मिनिटांत तुमचं करून टाकते.”

“काय करून टाकता?”

बाईंनी सगळं सांगितलं: बक्षीस, निष्क्रिय, शनिवार. काकांनी ऐकून घेतलं, पण फोन काही दिला नाही.

“म्हणजे पुन्हा तुम्हीच करणार.”

“तुम्हाला नाही जमायचं हो. किचकट आहे ते.”

काकांनी हातातलं पुस्तक मिटलं. “मागच्या महिन्यात सूनबाईने ते ॲप उघडून दाखवलं मला. म्हणाली, बाबा, तुम्ही ग्रंथालयातच जाता ना नक्की? तुमच्या नावावर तर शून्य पुस्तकं आहेत. सगळे हसले. दोन वर्षं रोज वाचतोय मी, आणि स्वतःच्या घरात खोटारडा ठरलो.”

“अहो, मी तुमच्या भल्यासाठीच—”

“शिवण शिकताना मी दहा कापडं वाया घालवली, बाई. माझा उस्ताद शिव्या द्यायचा, पण त्याने माझ्या हातातली कात्री कधी काढून घेतली नाही. तुम्ही तर आमच्या हातात दिलीच नाहीत.”

बाई तिथून तरातरा निघाल्या आणि कपाटामागे जाऊन पुस्तकं आदळू लागल्या. दोन वर्षं यांच्यासाठी राबायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं? तीन खण आदळून झाले. चौथ्या खणाशी त्यांचा हात थांबला. शिकवायला वेळ लागला असता म्हणून शिकवलं नव्हतं, हे खरं होतं. आणि ‘बाई आहेत म्हणून आमचं चालतं’ हे रोज कानावर पडायचं, ते त्यांना आवडायचं, हेही खरं होतं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी एक खुर्ची ओढत खिडकीपाशी आणली. “चला. मी सांगते. पण फोनला हात लावणार नाही.”

“आता हे ओटीपी मागतंय,” थोड्या वेळाने काका म्हणाले. “द्यायचा का?”

“परक्या माणसाने फोन करून मागितला तर मुळीच द्यायचा नाही. पण इथे तुम्ही स्वतः दार वाजवलंय आणि आतून विचारतायत, कोण आहे. मग नको सांगायला?”

“मग सांगितलंच पाहिजे.”

सुई टोचून टोचून काकांच्या बोटांची टोकं राठ झाली होती, काचेला ती कळतच नव्हती. शेवटी करंगळी चालली. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, नाहीतर त्यांनी फोन केव्हाच हिसकावून घेतला असता. पन्नास मिनिटांनी पडद्यावर काकांचं नाव उमटलं आणि त्यापुढे एक पुस्तक. काकांनी ते नाव तीनदा वाचलं.

खाली एक चौकट होती, ‘वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहा’ अशी. बाईंनी ती दोन वर्षांत कधी उघडली नव्हती. काकांनी करंगळीने लिहिलं: ‘खुनी चांगला आहे. पण कोटाच्या अस्तरात सुरा लपवला हे खोटं. अस्तर फाटेल.’

दुसऱ्या दिवशी खाली चार उत्तरं आली होती, दूरच्या शाखांमधल्या अनोळखी वाचकांची. एकाने लिहिलं होतं की आत जाड कापड लावलं तर अस्तर फाटत नाही. काका खवळले. दिवसभर करंगळी बडवत त्याच्याशी भांडले, आणि ते भांडण बघायला म्हणून मोटारदुरुस्तीची पुस्तकं नेणारे निवृत्त ड्रायव्हर आणि पथ्याची पुस्तकं नेणाऱ्या नर्सआजी आपापले फोन घेऊन बसले. नर्सआजींना काकांनी शिकवलं, आजींनी आणखी सहा जणांना. बाई खुर्च्या लावत राहिल्या आणि हात पाठीमागे धरत राहिल्या.

शनिवारी एकला पाच मिनिटं असताना साहेब स्वतः आला. त्याने गर्दी बघितली, मग स्वतःच्या फोनवर आकडा बघितला.

“एकतीस,” तो म्हणाला. “शाखा राहते.”

मग त्याने पिशवीतून एक कागद काढला. खोट्या नोंदींबद्दल बाईंचं वाचक सदस्यत्व वर्षभरासाठी रद्द झालं होतं. बक्षीसही मागे घेतलं होतं. “नोकरीला धक्का नाही,” तो खाली बघत म्हणाला. “फक्त पुस्तक घरी नेता येणार नाही.”

बाईंनी इतकी दाबून सही केली की कागद फाटला. साहेब तो फाटका कागद घेऊन निघून गेला.

“बाई,” काका म्हणाले, “हवं ते पुस्तक सांगा. माझ्या नावावर टाकतो.”

“खबरदार,” बाई कडाडल्या. “दुसऱ्याच्या नावावर या शाखेत पुस्तक मिळत नाही.”

काका हसले. मग त्यांनी सहज विचारलं, “बरं, त्या तीनशे अठरांमध्ये तुमचं कुठलं होतं?”

बाईंनी फोन उघडला. यादी वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली. खून, मोटारी, पथ्य, मालिश.

“एकही नाही,” त्या म्हणाल्या. आवाजातला राग अजून गेला नव्हता, पण आता तो साहेबावर नव्हता.

त्यांनी फोन खणात टाकून खण बंद केला. शनिवार अर्ध्या दिवसाचा, शटर ओढायची वेळ झाली होती, पण त्या कपाटाशी गेल्या आणि कितीतरी वर्षांपूर्वी स्वतःसाठी म्हणून बाजूला काढून ठेवलेलं एक पुस्तक घेऊन खिडकीपाशी आल्या. इथे बसून वाचायला सदस्यत्व लागत नाही.

“सरका,” त्या काकांना म्हणाल्या.

काका सरकले.