मावशीचा ताणकाटा

मित्रांनो, अर्डेलामावशी दावा जिंकली असती, तरी तिला एवढंच मिळणार होतं: मला पिशवीत टाकून बाळंतिणीच्या घरी जायची मोकळीक. हरले तरी तिच्या टिस्डेल वकिलांचं नाव मात्र वर्तमानपत्रात छापून येणार होतं.

मी सुईणीचा जुना ताणकाटा. टॉलिव्हर परगण्यातल्या कापूस वेचणाऱ्यांची बाळं मी एकतीस वर्षं तोलली. फडक्याच्या झोळीत बाळ, झोळी माझ्या आकड्याला. "सात पौंड. नाक बापाचं, आवाज आजीचा," मावशी सांगायची. घरचे मला कौतुकाने पुसून द्यायचे.

मग राज्याने कायदा केला. परवाना नसलेल्या सुईणीने बाळंतपण केलं, तर तुरुंग. परवान्याचं शिक्षण देणारी शाळा मात्र राज्यात एकही नव्हती. मी खुंटीला लटकलो, गंजू लागलो.

वकिलांनी राज्यावर दावा लावला. न्यायालय म्हणालं, राज्याच्या संमतीशिवाय राज्यावर दावा चालत नाही; कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर लावा. मग दावा आरोग्याधिकारी आणि सरकारी वकील यांच्यावर लागला. आरोग्याधिकारी म्हणाले, खटले भरणं माझं काम नव्हे. सरकारी वकील म्हणाले, मी अजून कुणावर खटला भरलेलाच नाही.

"म्हणजे आधी मी पकडली जायला हवी?" मावशीने टिस्डेलना विचारलं.

"तसं काही करू नका, मावशी. निकाल आठवड्यावर आलाय. आता कायदा मोडलात, तर न्यायाधीश आपलं ऐकायचे नाहीत."

"आतापर्यंत फार ऐकलं वाटतं, वकीलसाहेब?"

तिची भाची लवीनिया नवव्या महिन्यात होती. दवाखाना साठ मैलांवर. "मावशी, तूच ये. मी कुणाला सांगत नाही."

"तू नाही सांगणार गं. जन्माचा दाखला सांगेल, त्यावर सुईणीचं नाव लागतं. आठवडाभर कळ काढ."

लवीनियाला सोमवारीच कळा आल्या. मुलगा वाटेत, गाडीत जन्मला. गळ्याभोवती नाळ होती. तशी नाळ मावशीने अकरा बाळांची सोडवली होती. मंगळवारी निकाल लागला: दावा फेटाळला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचा गंज पुसत जा. आणि कायदा होताना, त्याचा जाब कुणाला विचारायचा, तेही विचारून ठेवा. इथे राज्याला उत्तर द्यावं लागलं नाही. अधिकाऱ्यांना डाग लागला नाही. टिस्डेल एक दावा हरले. मावशीचं काम गेलं. लवीनियाचा मुलगा गेला.