सोनखड्याचं पाणी

बोलतोय खरा, पण मला फार बोलवत नाही. चाळीस वर्षं पाण्यात बुडून राहिलेला दगड आहे मी; पार थकलोय.

जमिनीखाली होतो तोवर मला नावही नव्हतं. विहीर खणणाऱ्या एकाची पहार लागली आणि मी उजेडात आलो. पिवळा, चकाकता. त्यानं मला सदऱ्याला पुसून बायकोच्या हातावर ठेवलं. त्या भागात सगळेच मानायचे, की सोनखड्याचं पाणी प्यालं की हाडं बळकट होतात, बाळंतपण सुखरूप होतं. तिनं मला तांब्यात सोडलं, तो मी तिथेच राहिलो.

बाई मोठ्या मनाची. रोज सकाळी स्वतः घोटभर घ्यायची आणि गल्लीत कुणी पोटुशी असली की वाटीभर तिच्या घरी पोचवायची. मी सोनं आहे हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

नवरा गेला, घरात सून आली. पुढे बाईचे तळहात खरखरीत झाले, अंगावर चट्टे उठले, पाय बधिर होऊ लागले. मग ती घोटाऐवजी पेलाभर पिऊ लागली. मला ओरडावंसं वाटे; पण दगडाला तोंड कुठलं?

सून शिवणकाम करायची, बोलायची कमी. तिनं सासूला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तळहात उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?" दुसऱ्या दिवशी सुनेनं मला फडक्यात बांधलं, तांब्यातलं पाणी बाटलीत भरलं आणि प्रयोगशाळा गाठली.

तिथल्या तपासनीस बाईंनी मला पांढऱ्या, खरबरीत फरशीवर घासलं. काळी रेघ उमटली. "सोन्याची पिवळी येते," त्या म्हणाल्या. मग हातोडी मारली. सोनं नुसतं चेपलं असतं. माझा मात्र भुगा सांडला आणि लसणासारखा वास सुटला. त्यांनी झटकन खिडकी उघडली.

आठ दिवसांनी सासू-सून दोघी आल्या.

"आजी, यात लोखंड आणि गंधक आहे. आणि सोमल. विष आहे ते, पाण्यात उतरलंय."

म्हातारी भांडेल असं सुनेला वाटलं होतं. "माझं जाऊ दे," ती म्हणाली, "मी ज्यांना पाजलं त्यांचं काय?"

"घेऊन या. तपासू सगळ्यांना."

त्या बधिर पायांनी, सुनेच्या खांद्यावर हात टाकून, ती दारोदार फिरली. एकीनं तोंडावर दार लावलं, तर दुसऱ्या दिवशी ही पुन्हा तिच्या पायरीवर. शेवटी अकराजणी आल्या. त्यातली एक सात महिन्यांची पोटुशी.

"दोनच वाट्या प्याले मी, आजी. बाळाला काही होईल?"

"माहीत नाही गं," म्हातारी म्हणाली आणि तिचा हात धरून बसून राहिली.

त्या पोरीच्या तपासणीत काही निघालं नाही. तिघींना औषधं सुरू झाली. म्हातारीचे चट्टे फिकट झाले, पाय मात्र तसेच राहिले.

मी आता या प्रयोगशाळेच्या कपाटात, काचेच्या बरणीत. कोरडा आहे, एवढंच सुख. माझ्यासारखा कुणी सापडला तर पाण्यात टाकण्याआधी इथे आणा. आणि त्या म्हातारीला नावं ठेवू नका. तिनं निदान दारं ठोठावली. मला तेवढंही जमलं नाही.