परतीची तार

वायरी विणून कुणाचं पोट भरलंय का, असं माझा नवरा विचारतो आणि स्वतः मी केलेली केबल लावून मॅच ऐकत बसतो. दिवसभर मी दातांच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या कवळ्या घडवते. डॉक्टर फोनवरून खेकसतात, दाढ उंच झाली, दाढ ठेंगणी झाली. घरी आल्यावर कुणाच्याही तोंडात जाणार नाही असं काहीतरी हातांनी करावंसं वाटतं, एवढंच. हेडफोनबरोबर कंपनी जी केबल देते ती इतकी मरतुकडी असते की वर्षभरात कानाशी तुटते. म्हणून मी माझी मीच करते. चार तारा घ्यायच्या, त्यांची घट्ट वेणी घालायची, एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाला दोन कान.

चारच का, ते सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रत्येक कानाला एक जायची तार आणि एक परतीची. दोन्ही परतीच्या तारा प्लगपाशी एकत्र पिळायच्या आणि प्लगच्या बुडाला सोल्डरचा डाग देऊन पक्क्या करायच्या. तो डाग नीट बसला की काम झालं. कच्चा राहिला तर काय होतं, हे मला पुस्तकी माहीत होतं. कानांनी माहीत नव्हतं.

माझे बाबा आमच्याकडेच असतात, मागच्या खोलीत. नोकरीतून घरी आले की ते अंध मुलांसाठी शाळेचे धडे वाचून कॅसेटवर भरायचे, ही त्यांची तरुणपणची हौस. काम कसलं चोख. दोन बाजूंना दोन माइक, मधोमध खुर्ची, आणि नाकापासून दोन्ही माइकपर्यंतचं अंतर सुतळीने मोजलेलं. आवाज एका बाजूला झुकला तर मुलांना वाटेल मास्तर खुर्चीवरून पडतायत, असं म्हणायचे. स्वतःचा आवाज तपासायला डोक्यावर हे एवढे मोठे हेडफोन. आई गेली आणि त्यांनी माइक गुंडाळून ठेवले, ते कायमचे.

आई गेली तेव्हा मी रांगत होते. बाबा पुढच्या खोलीत वाचत होते. धडा संपवून, हेडफोन काढून आत गेले, तर आई ओट्यापाशी पडलेली. तिचं हृदय पहिल्यापासून अशक्त होतं. सकाळीच दोघांचं वाजलं होतं, तुम्ही त्या माइकशीच लग्न करायचं होतं, असं काहीतरी ती बोलली होती. बाबांनी हे मला लहानपणापासून एकाच पद्धतीने सांगितलंय. माझे माइक असे होते की घरात टाचणी पडली तरी मला ऐकू यायची. पण ती रुसली होती, म्हणून तिने हाक मारली नाही. एक हाक मारली असती तर धावत गेलो असतो. सांगताना दुःखापेक्षा तक्रारच जास्त असायची. मेलेल्या माणसावर इतकी वर्षं रागावलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आईचे फोटो आमच्याकडे आहेत, आवाज नाही. ती बोलायची कशी, असं मी विचारलं की बाबा खिडकीबाहेर बघायचे. एकदाच म्हणाले, "चेहरा आठवतो गं. आवाज गेला. सगळ्या जगाचे आवाज लक्षात आहेत, तिचाच नेमका गेला." त्यानंतर मी विचारणं सोडलं.

नवऱ्याने हौसेने बाबांच्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. नवी केबल झाली की मी ती बाबांच्या वाचनावरच तपासते. त्यात ते श्वास कुठे घेतात, पान कुठे उलटतात, सगळं मला पाठ आहे.

सुट्टीची सकाळ होती. केबल पूर्ण झाली, वेणी अशी सुबक बसलेली की मीच मला शाबासकी दिली. हेडफोन लावले, भूगोलाचा धडा चालू केला आणि बाबा तिथे नव्हतेच.

म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. खूप लांब, भिंतीपलीकडे कुणीतरी पुटपुटतंय, शब्द लागत नाहीत, इतके होते. त्यांच्या जागी एक रिकामी खोली होती. नळ वाहत होता. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. आणि डाव्या बाजूने एक बाई म्हणाली, "गिळ गं बाई एकदाचं. बाप तिकडे नद्या शिकवतोय आणि तू घोटभर दुधाला रडवतेस मला. तोंड उघड, भोपळ्या."

मी हेडफोन काढून टेबलावर टाकले. घरात ऊन होतं, बाहेर नवरा गाडी धूत होता, आणि मला डावीकडे मान वळवायची हिंमत होईना.

मग डोकं ताळ्यावर आलं. मीटर काढला, प्लगच्या बुडाला एक टोक लावलं, परतीच्या तारेला दुसरं. मीटर वाजला नाही, म्हणजे जोड नव्हता. डाग कच्चा होता. परतीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडलेल्या, पण प्लगला लागलेल्याच नाहीत. अशी चूक आम्हा केबल करणाऱ्यांकडूनच होते, आणि झाली की दोन्ही कानांत जे सारखं असतं ते एकमेकांना मारून टाकतं, कानांवर येतो तो फक्त दोन बाजूंमधला फरक. बाबा सुतळीने मोजून बरोबर मध्ये बसले होते, म्हणजे दोन्ही कानांत सारखेच. म्हणून तेच पुसले गेले. आई मध्ये नव्हती. त्या घरातलं स्वयंपाकघर डावीकडे होतं.

कारण कळलं म्हणून भीती गेली, असं काही झालं नाही. डाग नीट करायला दोन मिनिटं लागली असती. मी तो पूर्ण सोडवला, परतीच्या तारा एकमेकींना पक्क्या केल्या आणि प्लगपासून कायमच्या तोडल्या. मग दार लावून घेतलं आणि पुन्हा ऐकलं.

त्यानंतर मी दुसरं काही ऐकलंच नाही. कॅसेटमागून कॅसेट लावत गेले. आई जिभेची तिखट होती. दूधवाल्याला झापायची, उतू जाणाऱ्या भाताला झापायची, मला तर उठता-बसता. माझं खेकसणं कुठून आलंय ते मला या वयात कळलं. पण मध्येच ती गुणगुणायची, चालही धड नसलेलं काहीतरी, आणि मला रडू फुटायचं. चाळिशी उलटलेल्या बाईला कोणी भोपळ्या म्हणत नाही. माझ्या मनात ते दिवसभर चालू असायचं.

मनातच राहिलं असतं तर ठीक होतं. लॅबमध्ये कवळी घासताना, यंत्राच्या घरघरीत, ती डावीकडून बोलायची. मी वळून बघायचे. जेवताना मी डाव्या हाताची खुर्ची रिकामी ठेवायला लागले, आपण तसं करतोय हेही मला कळलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं, तिथे कोण बसलंय. हसत विचारलं, पण तोही त्या खुर्चीवर बसला नाही.

शेवटची कॅसेट मी टाळत होते. आई गेल्यावर बाबांनी काही भरलं नाही, म्हणजे शेवटची कॅसेट त्याच दिवसाची, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. तरी एक दिवस लावलीच. धडा पृथ्वीच्या फिरण्याचा होता. बाबा लांब भिंतीपलीकडे पुटपुटत होते. नळ चालू होता, मग बंद झाला. आई म्हणाली, "अहो." मध्ये थोडा वेळ गेला. "अहो, जरा येता का." तिच्या आवाजात राग नव्हता. भांडं पडलं. मग पुन्हा एकदा, अगदी खालच्या पट्टीत, "अहो, ऐकताय ना?" आणि त्यानंतर फक्त माझं रडणं. ते मी ओळखलं कसं, मला सांगता येणार नाही.

मी नेहमीची केबल लावून तोच भाग परत ऐकला. बाबा मधोमध, खणखणीत. प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा. त्यांच्या आवाजाखाली काहीही ऐकू येत नव्हतं. टाचणी ऐकू येणाऱ्या त्या माइकमधून त्यांच्या कानात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा स्वतःचाच होता.

हे बाबांना कळता कामा नये, एवढंच मी ठरवलं. तिने हाक मारली नाही, या एका गोष्टीवर हा माणूस इतकी वर्षं उभा होता. ती काढून घेतली तर खाली काय उरणार होतं?

पण माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. चहा घेताना तो बाबांना सांगून बसला की तुमची लेक तिच्या आईचा आवाज ऐकते. बाबा माझ्या दारात आले. खुर्ची ओढून बसले आणि डोकं पुढे केलं, हेडफोन घालून घ्यायला.

मी पहिली कॅसेट लावली. डोळे मिटून ते ऐकत राहिले. मग ते हसले. हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसं मोठ्याने म्हणाले, "असंच बोलायची. अगदी असंच." डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यानंतर रोज ते मी लॅबमधून यायची वाट बघत बसायचे. दाढी करून बसायचे. नवरा म्हणाला, म्हातारा प्रेमात पडलाय. खरंच होतं ते, आणि माझा जीव टांगणीला लागला होता, कारण कॅसेट संपत चालल्या होत्या.

शेवटची राहिली तेव्हा मी सांगितलं की ती फीत खराब होती, कॉम्प्युटरवर उतरलीच नाही.

"खोटं बोललीस की तू शेवटचा शब्द घाईने संपवतेस," बाबा म्हणाले. मग शांतपणे म्हणाले की त्या दिवशी ती घरात होती, म्हणजे टेपवर असणारच. पुटपुटत असेल, शिव्या देत असेल, असू दे. तिचा शेवटचा दिवस आहे, तो त्यांना हवा आहे.

मी नेहमीची केबल जोडली. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "यात मीच आहे," म्हणाले. रागावले नाहीत. लहान मुलाने केलेली लबाडी मोठी माणसं पकडतात आणि वाट बघतात, तसे थांबून राहिले. मला माझीच चीड आली. मी त्यांना जपत होते की त्या आवाजावर माझा हक्क सांगत होते, कोण जाणे. तिने मला हाक मारली नव्हती. त्यांना मारली होती.

मी केबल बदलली.

ते काय ऐकतायत ते मला ऐकू येत नव्हतं, पण गरजही नव्हती. ते ऐकत होते आणि मी त्यांचा चेहरा बघत होते. नळ बंद झाला असेल तेव्हा त्यांनी मान किंचित डावीकडे केली. मग त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं आता कोसळणार, आणि मी हात पुढे केला.

"आलो," बाबा म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की बाहेरून नवरा धावत आला. "आलो गं, आलो."

ते उठले आणि चालायलाच लागले. केबल मी माझ्या खुर्चीच्या मापाने केली होती, ती दारापर्यंतही पुरली नाही. ताणली गेली, प्लग कॉम्प्युटरमधून निसटला आणि त्यांच्या मागे फरशीवरून घासत निघाला. त्यांनी मागे बघितलं नाही. बोळातून आमच्या स्वयंपाकघरात गेले, जे कधीच आईचं नव्हतं, आणि ओट्यापाशी जाऊन उभे राहिले.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हाक मारली होती तिने," ते म्हणाले. चांगली बातमी सांगावी तसा चेहरा होता. "मला वाटायचं, रुसून गेली. रुसली नव्हती गं ती."

"नाही बाबा," मी म्हणाले. "रुसली नव्हती."

मला रडू आवरेना. नवऱ्याने पाण्याचा पेला आणला. मी हेडफोन काढायला गेले, तर बाबांनी दोन्ही हातांनी ते कानांवर दाबून धरले. केबलचं टोक जमिनीवर पडलं होतं, कशालाच न जोडलेलं.

"थांब," बाबा म्हणाले. "बोलतेय ती."

त्यांची मान डावीकडे कललेली होती. मध्ये मध्ये ते हो म्हणत होते. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, कारण त्यांचं बोलणं संपेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.