पोटरीवरचा तीळ

मित्रांनो, मी एक जुना हातदिवा आहे. माझ्या तोंडाशी भिंग बसवलेलं आहे आणि माणसाच्या अंगावरचे तीळ बघणं हे माझं काम. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात डॉक्टर मॉइराने मला आणलं. इथलं ऊन गोऱ्या कातडीला सोडत नाही. म्हणून दर नाताळाआधी अख्खं गाव दवाखान्यात येऊन, कपडे उतरवून तपासणी करून घेतं. साधा तीळ कोणता आणि कर्करोगाचा कोणता, ते माझ्यातून बघून कळतं. किती तरी जण त्यामुळे वाचले. लोक मॉइराला आंबे आणून देत. मला कोणी पुसतही नसे, पण माझी तक्रार नव्हती.

बायका मात्र गरोदर असतील त्या वर्षी तपासणी चुकवत. पोटुशीचे तीळ काळे पडतातच, आत्ता काय बघायचं, असं इथे सगळ्याच म्हणत.

ब्रॉनविन पोरांना समुद्रात पोहायला शिकवायची. पाचव्या महिन्यात तिच्या पोटरीवरचा तीळ वाढू लागला. पोट तपासायला आली तेव्हा तिने तो मॉइराला दाखवला. सासू नोरीन सोबत होती.

"डॅरिलच्या वेळी मी नुसती ठिपक्यांची गाय झाले होते," नोरीन म्हणाली. "पोर झालं की जातं सगळं."

मॉइरा हसली. "बाळंतपणानंतर बघू गं."

मी हाताच्या अंतरावर खणात पडून होतो.

आठव्या महिन्यात तिळातून रक्त आलं. मॉइरा रजेवर होती. बदलीच्या डॉक्टर तारिकने मला तिळावर टेकवलं. काळ्यावर निळसर साय होती, कडा वेड्यावाकड्या. ही कर्करोगाचीच खूण.

"हा आजच काढायचा," तारिक म्हणाला.

"आणि बाळ?" ब्रॉनविनने विचारलं.

"सुईने तेवढी पोटरी बधिर होते. बाळाला काही होत नाही."

"मग पाचव्यातही काढता आला असता?"

तारिक टाके घालत राहिला. "हो," तो म्हणाला.

कर्करोग खोल गेला होता. जांघेत एक गाठ सापडली, तीही त्याचीच निघाली. मुलगी झाली, टेगन. हा आजार क्वचित वारेतून बाळापर्यंत पोचतो, म्हणून वार तपासायला पाठवली. निकाल येईपर्यंत ब्रॉनविनने पोरीला कुणाच्या हाती दिलं नाही. वार स्वच्छ निघाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली, असं तिचा नवरा डॅरिल दवाखान्यात सांगत होता. पुढे औषधं झाली, पण टेगन रांगायला लागायच्या आत ब्रॉनविन गेली.

मॉइरा आता प्रत्येक गरोदर बाईच्या अंगावरून मला फिरवते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल आणि तिचा एखादा तीळ वाढला, रंग बदलला, तर तिला थांबू देऊ नका. मला बघायला फार वेळ लागत नाही. ब्रॉनविनच्या हाती वेळ होता, तेव्हा मला कुणी उचललंच नाही.