गुलाबी कांडी

त्या सोमवारी भोंगवलीच्या देवळापुढं इतकी गर्दी होती, की कुत्र्याला शेपूट हलवायचं तर पाळी लावावी लागत होती. माणसं आली होती, माणसांमागून गाई आल्या होत्या, आणि गाईंच्या पोटात काय आहे ते सांगायला वत्सबाबा ओट्यावर डोळे मिटून बसले होते.

गाभण गाईला कोणत्या रंगाचं वासरू होणार, हे बाबा सहा-सहा महिने आधी सांगत आणि तसंच होई. शिवऱ्यापासून कामथडीपर्यंत त्यांचा बोलबाला. मी मनातल्या मनात त्यांना गाभणबाबा म्हणे. खरं तर माझा जळफळाट व्हायचा. थापा मीही जन्मभर मारल्या. नीरेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून मी शिरवळ गाठलं ते अजून लोक तोंडात बोट घालून ऐकतात. पण माझ्या थापेला अर्धा कप चहा, आणि बाबांच्या थापेला अख्खं वासरू!

साल पंच्याहत्तर-शहात्तरचं असेल. कामथडीला गाईंचं केंद्र निघालं होतं. भोरचे डॉक्टर ओव्हाळ फटफटीला थंड धुराचा हंडा बांधून गावोगाव फिरत. गाय माजावर आली की त्यांना निरोप द्यायचा; वर्षाच्या आत गोठ्यात विलायती रक्ताचं वासरू.

या वासरांनी माझ्या चुलतभावांच्या घरात आग लावली. थोरला भाऊ वारलेला. त्याची बायको ठकुबाई एका गाईवर संसार ओढत होती. ती गाय व्याली आणि झाली काळी बांडी, अंगावर पांढरे ठिपके, टपोऱ्या डोळ्यांची कालवड. त्याच आठवड्यात धाकट्या जावेची, बनाबाईची गाय व्याली. तिला झालं तांबूस, हरणाएवढं खोंड. सगळं गाव ठकुबाईच्या गोठ्यात कालवड बघायला लोटलं. बनाबाईनं त्या दिवशी भाकरी करपवल्या आणि नवऱ्याला, गेनबाला, ऐकवलं की या घरात माझ्या ताटात नेहमी खरवडच पडते.

दोन्ही वासरांचे रंग बाबांनी आधीच सांगितले होते. आता त्यांनी पुढचा अध्याय उघडला. म्हणे, काळी कालवड मुळात बनाबाईच्या गाईच्या पोटात होती. ठकुबाईनं नजर लावून ती भिंतीपलीकडे ओढली. उपाय एकच. दोषाची कालवड पुढच्या सोमवारी बाबांच्या गोठ्यात सोडायची. तोवर ठकुबाईला विहिरीवर पाणी नाही. पंचांनी माना डोलावल्या. बाबांच्या गोठ्यात अशी बरीच वासरं जमली होती. दोष नेमका काळ्या, पुढं जास्त दूध देणाऱ्या वासरांनाच लागे. तांबड्यांच्या वाटेला तो कधी गेला नाही.

बनाबाईला आधी गार वाटलं. मग तिनं विचारलं, कालवड माझी होती तर मला द्या. बाबा म्हणाले, दोषाचं जनावर घरात नको. तिथं तिला ठसका लागला. ठकुनं ओढली ती निदान भिंतीपलीकडे. हा बाबा तर गावाबाहेर ओढत होता. जिच्यावर जळायचं ती वस्तूच गेली, तर बाईनं जळायचं कशावर?

दुसऱ्या दिवशी ती कामथडीला डॉक्टरांशी भांडायला गेली.

"आक्काला काळी दिली, मला हे मांजर का दिलं?"

डॉक्टर म्हणाले, "ठकुबाईंची गाय थोराड आहे, तुमची बारकी. मोठ्या जातीचं वासरू पोटात अडलं असतं तर गायच गेली असती."

"म्हंजे ह्ये तुमी ठरवलं? आक्कानं न्हाई?"

"आक्कांना मी विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी हंड्याचं झाकण काढलं. पांढरा धूर जमिनीवर उतरला. चिमट्यानं एक बारीक, नळीसारखी कांडी क्षणभर वर काढून त्यांनी लगेच आत बुडवली. "आत वळूचं रेत गोठवून ठेवलंय. दिसायला सगळं सारखंच. कांडीवर जात आणि वळूचा नंबर छापलेला नसेल, तर कोण कुणाचं ते मलाही कळणार नाही. म्हणून आमच्याकडे जर्सीच्या कांड्या पिवळ्या, होल्स्टिनच्या गुलाबी. पिवळीचं वासरू बहुतेक तांबूस होतं, गुलाबीचं काळं."

"आनि वापरलेली कांडी?"

"टाकतो गोठ्याबाहेर."

बनाबाईला आपला उकिरडा आठवला. बाबांचा चेला मानसिंग शिधा मागायला दारोदार यायचा आणि जाताना उकिरडा चिवडायचा. काय शोधतोस म्हटलं तर म्हणायचा, कान कोरायला काडी.

"डाक्तर, खोंड का कालवड, ते कळतं का कांडीवरनं?"

"नाही."

"बाबालाबी कळत न्हाई," ती म्हणाली. "कितींदा इचारलं. म्हंतो, देवाची मर्जी."

येताना तिनं एक रिकामी गुलाबी कांडी मागून आणली आणि मागच्या गोठ्याच्या दाराशी टाकली. जनावर शेतावर गेलं होतं, गोठा मोकळा होता. मानसिंग आला, शिधा घेतला, वाकला आणि कान कोरायची सोय करून गेला.

सोमवार उजाडला. ठकुबाई कालवडीच्या गळ्यात हात घालून गर्दीच्या कडेला उभी होती. रडून रडून तिचा आवाजच गेला होता. बनाबाईच्या निरोपावरून डॉक्टरही आले होते. बनाबाई पुढं झाली, पदर सावरून पाया पडली.

"महाराज, माझ्या मागल्या गोठ्यातल्या जनावराला काय व्हईल?"

बाबांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. "काळं. बांडं. कपाळावर चांद. पण बये, याच्यावरही त्याच बाईची नजर आहे."

"व्हय का? आवं, आना वं त्याला."

गेनबा आला. त्याच्यामागून रवंथ करत आला ढवळ्या. सात वर्षांचा, खच्ची केलेला, शिंगं रंगवलेला बैल.

आधी कुणाला कळेना. मग एक म्हातारी हसली आणि देवळाची घंटासुद्धा हलली असेल, असं गाव हसलं. बाबा डगमगले नाहीत. म्हणाले, "हा मागच्या जन्मी गाय होता."

"मग मागल्या जल्मीच व्याला आसंल," बनाबाई म्हणाली. "औंदा तेवढं सोडा."

मानसिंग मागच्या मागं सटकत होता. पोरांनी त्याची झोळी पालथी केली. पिठाबरोबर पिवळ्या-गुलाबी कांड्यांचा सडा पडला. डॉक्टरांनी एकेक उचलून त्यावरचे नंबर वाचले आणि कोणत्या रंगाचं वासरू कुठून येतं ते पंचांना समजावून सांगितलं. कांड्या उघड्यावर टाकल्या ही आपली चूक, हेही सांगितलं. त्या दिवसापासून ते रिकामी कांडी खिशात घालून नेऊ लागले. बाबांना मात्र कोणतंच भविष्य दिसेनासं झालं. दुपारच्या एसटीनं ते गेले, आणि काळी वासरं आपापल्या गोठ्यात परत आली.

ठकुबाईनं विहिरीवर पहिली घागर भरली तेव्हा बनाबाई शेजारीच होती. तिनं माफी मागितली नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, तुझी कालवड लई खाती गं." आणि आपल्या पोहऱ्यानं तिची दुसरी घागर भरून दिली.

शेजारणीचं वासरू बघून पोटात दुखतं, त्याला इलाज नाही; माझंही दुखतं. पण त्या दुखण्यावर अंगारा घेऊन कुणी दारात आला, तर पाया पडायच्या आधी त्याला विचारा, बाबा, हे तुला कळलं कुठून? आणि तो आभाळाकडे बोट दाखवू लागला, की आपण आपला उकिरडा बघून यावा.